रफूच्या टेबलावरचा दिवा

— नाही, असा वर नको, जरा खाली धरा तो होल्डर, माझ्या हातांवर उजेड पडू दे — हं, असा. आता थांबा. घाई करू नका, दुपारची वेळ आहे, दुकानात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही, आणि मी काही बल्ब घेऊन पळून जाणार नाहीये. मला एवढंच बघायचंय, की ह्या दोन रिळांतलं काळं कुठलं आणि गडद निळं कुठलं, हे कुठल्या बल्बखाली कळतं. ज्याच्याखाली कळेल तो मी घेणार. साधी गोष्ट आहे. आणि आजी नका म्हणू, मावशी म्हणा — आजी म्हणणारं आमच्याकडे अजून कुणी जन्माला आलेलं नाही, तुम्ही कशाला सुरुवात करता. हा नको, काढा हा. ह्याच्याखाली दोन्ही सारखीच दिसतात. पुढचा लावा.

माझ्या मुलाला ओळखता तुम्ही. उंच आहे, तुमच्या ह्या शटरखालून आत येताना मान वाकवतो, आणि काहीही बोलायचं असलं तरी सुरुवात सॉरीने करतो — हो, तोच. तीन वेळा बल्ब बदलून नेले ना त्यानं तुमच्याकडून? ते माझ्यासाठी. पहिला मला फार पांढरा वाटला, दुसरा फार पिवळा, तिसऱ्यात काय खोट काढली ते आता आठवत नाही, पण काढली. बिचारा दर वेळी ऑफिसातून येताना खिशात खोकं घेऊन यायचा, बूटसुद्धा न काढता स्टुलावर चढायचा, आणि वरूनच विचारायचा, ‘आई, आता?’ मी म्हणायची, ‘बघू.’ आता चौथ्यांदा त्याला कुठे पाठवू, म्हटलं आपणच जावं. घरी सांगितलंय की सुया आणायला चाललेय. सुया भरपूर आहेत माझ्याकडे.

मी रफू करते. छत्तीस वर्षं झाली. शिवत नाही हं, शिवणारे गल्लोगल्ली आहेत — फाटलेलं, जळलेलं, कसरीनं खाल्लेलं कापड, त्याचे उभे-आडवे धागे एकेक करून परत विणायचे, की फाटलं होतं कुठे ते मालकालासुद्धा सापडू नये. एकदा एक गृहस्थ आले, कोट हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाले, ‘अहो, तुम्ही रफू करायचंच विसरलात की.’ मी म्हटलं, ‘मग भोक दाखवा.’ अर्धा तास शोधत होते. शेवटी मलाही सापडेना. दोघं खुर्च्या ओढून खिडकीत बसलो आणि शोधत राहिलो, तोवर ह्यांनी दोनदा चहा केला. असं काम होतं. आहे. असं काम आहे माझं.

हा कितवा, तिसरा? वर काय लिहिलंय? डेलाइट — नाव तर मोठं आहे. डावीकडचं काळं, उजवीकडचं निळं… हूं. नाही. डोळ्यांवर येतो नुसता. राहू द्या बाजूला, आणि तो लांबट आहे ना मागे, तो काढा.

झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी मुलानं सगळं घर एलईडी करून टाकलं. मला वाटलं होतं एखाददुसरा बल्ब बदलेल. एकोणीस बदलले. जुना काढायचा, नवा लावायचा, खाली उतरून बटण दाबायचं आणि आमच्या तोंडाकडे बघायचं, जणू आता आम्ही टाळ्या वाजवणार. ह्यांनी वाजवल्या एक-दोनदा — आमच्या ह्यांना कुणीही काहीही केलं तरी कौतुक वाटतं, जन्मभर बस चालवली, उतरणाऱ्या माणसालासुद्धा हात करायचे. तर संध्याकाळी हे दाढी करायला म्हणून न्हाणीघरात गेले, नवीन बल्बचं बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. म्हणाले, ‘आत कुणी म्हातारा उभा आहे, तो गेला की मी जातो.’ सून इतकी हसली की तिला बसावं लागलं. मग सगळ्या घराचीच शोधाशोध सुरू झाली. कपाटावरची धूळ दिसली, गॅसच्या मागचे तेलाचे डाग दिसले, ह्यांचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा पुस्तकांच्या मागे निघाला. आणि ती भिंत — बाहेरच्या खोलीची भिंत. अकरा वर्षं झाली रंग देऊन. मी म्हणायची बदामी, हे म्हणायचे पिस्ता. अकरा वर्षं वाद. त्या दिवशी दिवा लागला आणि मुलगा म्हणाला, पिस्ता. सून म्हणाली, पिस्ता. हे तर खुर्चीवरून उठून भिंतीला हात लावून आले. मला अजूनही बदामीच दिसते. पण मी बोलले नाही, म्हटलं तिघांच्या तोंडी कशाला लागा.

हा लांबट काही खास नाही. आणि हा सूं करतोय. ऐकू येतंय ना तुम्हाला? कान माझे एकदम चांगले आहेत.

तर माझा बल्ब. टेबलावर लोंबता होता, शंभरचा, जुन्या पद्धतीचा, काचेच्या पोटात तार लाल होणारा. त्याला हात लावायचा नाही असं मी बजावून ठेवलं होतं, पण मी भाजी आणायला बाहेर पडले आणि परत येते तर तोही गेला. तुम्हाला हसू येईल, पण त्या बल्बाखाली थंडीत माझी बोटं शेकायची. सकाळी आखडलेली असली की पाच मिनिटं वर धरायची, मग सुई धरवायची. हे नवे नुसतेच उजेड देतात, ऊब नाही देत. मुलाला तसं म्हटलं तर म्हणाला, ‘सॉरी आई, पण तेच तर त्यांचं वैशिष्ट्य आहे.’ आणि त्या पहिल्याच आठवड्यात सून सोफ्यावरून हात फिरवत म्हणाली, ‘आई, इथे कधी फाटलं होतं?’ पंधरा वर्षं बसतोय त्या सोफ्यावर, कुणाला पत्ता नव्हता, आणि त्या पांढऱ्या उजेडात माझं रफू दिसलं. ते मात्र खरंच दिव्यामुळे हं, ह्यात माझी काही चूक नाही. पिवळ्या उजेडात जुळवलेला रंग पांढऱ्या उजेडात वेगळा पडतो. माझ्या बाईंनी, ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — म्हणायच्या, रंग दिव्याखाली जुळवायचाच नाही. रीळ घ्यायचं, कापड घ्यायचं, उठायचं आणि दारात उन्हात जाऊन जुळवायचं.

काय? — हो, ऊन आहे की बाहेर. जाऊ ना दारात. आधी हे बल्ब होऊ देत. तुम्ही दुकान बल्बचं टाकलंय की उन्हाचं?

पुढचा लावा. हा जरा बरा वाटतो. जरा. नाही, तसं म्हटलं तर… नाही.

मला हे आजच्या आज लागतंय म्हणून मागे लागलेय तुमच्या, नाहीतर इतका त्रास दिला नसता. गोष्ट अशी आहे, की माझी सून सोमवारी मुख्याध्यापिका म्हणून रुजू होतेय. तिची आईसुद्धा मुख्याध्यापिकाच होती, चार वर्षांपूर्वी गेली. मोठी करारी बाई. माझ्याशी बोलतानासुद्धा मला वाटायचं, आता ही मला उभं राहायला सांगते. तर तिचा एक कोट आहे, गडद निळा, लोकरीचा, शाळेत घालायची तो, आणि उन्हाळा असला तरी सुनेला तोच अंगावर घालून पहिल्या दिवशी जायचंय. कपाटातून काढला तर काय, डाव्या खिशाच्या वर कसरीनं खाल्लेला. एवढं भोक. अगदी समोर, जिथे पहिली नजर जाते. मी म्हटलं, एखाद्या मोठ्या दुकानात दे, तिथे मशीनवर करतात हल्ली. तर ती कोट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, ‘तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही मी हा.’ असं म्हणून गेलीसुद्धा आत. आता सांगा. ह्यात आहे तो, ह्या पिशवीत. काल संध्याकाळी निम्मं काम केलंय. निम्मं राहिलंय. आणि सगळ्या घरात तिच्या आईची तेवढी एकच वस्तू आहे, बाकीचं सगळं भावांनी वाटून घेतलं.

नाही, कापडाला हात नका लावू आता, हात धुतलेत का तुम्ही?

तुम्हाला म्हणून सांगते, थोडी धास्ती घेतली आहे मी. एका वकीलबाईंच्या काळ्या कोटाचं कोपराचं काम केलं होतं, तर त्या परत आल्या. म्हणाल्या, ‘अहो, मी कोर्टात हात वर केला की सगळ्यांची नजर माझ्या कोपराकडे जाते, मुद्द्याकडे कुणाची जात नाही. निळा ठिपका दिसतो तिथे.’ मी म्हटलं, काय करणार बाई, हल्ली हे नवीन दिवे आलेत ना, त्यात सगळेच रंग फसवतात. त्यांना पटलं. चांगल्या आहेत स्वभावानं. मी फुकट परत करून दिलं, तेव्हा थंडी होती, त्यांना दुसरा कोट नव्हता, म्हणून माझ्यासमोर शाल पांघरून बसल्या होत्या…

हो, थंडीतच. का? — हो, आता उन्हाळा आहे, कळतं मला. — एलईडी दोन महिन्यांपूर्वी लावले, मीच सांगितलं ना तुम्हाला. — बरं, मग त्यांच्या कोर्टात लावले असतील आधी. तुम्ही बल्ब विकता की उलटतपासणी घेता?

लावा दुसरा. बोलू नका, लावा.

आणि असं बघू नका माझ्याकडे. एक वाईट ठिपका छत्तीस वर्षांत कुणाचा होत नाही? एक नव्हे, दोन-तीन झाले असतील. एक पँट होती. एक टोपी. पण मी तुम्हाला सांगते, कापड हातात आलं ना, की बोटांनाच सगळं कळतं, ताण किती, वीण कुठली, कुठला धागा वर, कुठला खाली. डोळे मिटून करीन. रंगाचंच तेवढं. आणि खरं म्हणजे रंगाचाही प्रश्न यायला नको, कारण खरं रफू करणारं माणूस बाहेरचा धागा वापरतच नाही. त्याच कपड्याची आतली शिवण उसवायची, तिथे दुमडलेलं कापड असतं, त्यातून धागा ओढून काढायचा आणि त्यानंच विणायचं. त्याच कापडाचा धागा, त्याच रंगाचा, तेवढाच जुना. मग दिवा पिवळा असो नाहीतर पांढरा, काय फरक पडतो? काही नाही. रिळांचं काम म्हणजे आम्ही कमअस्सल समजायचो, माझ्या बाई तर रीळ दिसलं की नाक मुरडायच्या…

हं.

विचारा ना. विचारा, मग ही रिळं कशाला घेऊन फिरतेय. ओठांवर आलंय तुमच्या, कशाला गिळता.

शिवणीतून एक धागा ओढायचा म्हणजे तो आधी दिसावा लागतो. केसाहून बारीक असतो, आणि गडद कापडात गडद. मी गेली दीड-दोन वर्षं नाही काढला. झालं? कळलं? स्टूल द्या जरा, पाय दुखले उभं राहून. — नाही, पाणी नको. बरं, द्या.

दीड वर्षापूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते, तर त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंबराचं जाऊ द्या, तुमचे मोतीबिंदू पिकत आलेत, दोन्ही डोळ्यांत, काढून टाका. मोठ्या आनंदी बाई, जणू मला बक्षीस लागलंय. म्हणाल्या, त्यामुळेच सगळं पिवळट दिसतं, निळं आणि काळं वेगळं कळत नाही, काढले की बघा कसं लख्ख दिसेल. घरी येऊन मी सांगितलं, नंबर थोडा वाढलाय. नवीन काचा घातल्या, हे म्हणाले छान दिसतेस, विषय संपला. कुणाला नाही सांगितलं. तुम्हीच पहिले, आणि तुमच्याशी माझी ओळख किती, तर चार बल्बांची.

ऑपरेशनला नाही घाबरत मी. आमच्या शेजारचे पोस्टमन, आता निवृत्त आहेत, त्यांनी केलं. सकाळी गेले, दुपारी आले, काही नाही. पण घरी आल्यावर काय झालं ते ऐका. डोळ्यावरची पट्टी काढली आणि बायकोला म्हणाले, ‘हे पडदे कधी बदललेस?’ ती म्हणाली, बदलले नाहीत, हेच आहेत, सहा वर्षांपासून. म्हणाले, ‘निळे आहेत?’ — निळे आहेत. म्हणजे सहा वर्षं तो माणूस हिरव्या पडद्यांच्या घरात राहिला. मग सबंध दिवस घरभर फिरत होते, हे असं होतं का, ते तसं होतं का. सगळे हसत होते. मीही हसले. आणि घरी येऊन माझ्या टेबलाशी बसले, पण सुई हातात घेतली नाही. म्हटलं, त्यांचे पडदे होते. माझं काय निघेल? गेल्या दोन वर्षांत जेवढे कपडे ह्या हातांखालून गेले, लोकांचे कोट, लग्नातल्या साड्या, एका म्हाताऱ्यानं बायकोची शाल आणून दिली होती — ते सगळं मला दिसायला लागणार. रस्त्यात कुणी समोरून आलं की माझी नजर आधी त्याच्या कोपरावर जाणार. न दिसलेलं बरं, असं वाटलं मला. मूर्खपणा आहे, कळतंय. पण वाटलं खरं.

आणि तेवढ्यात मुलानं ते एकोणीस बल्ब लावले. तुम्हाला खरं सांगू, मला इतकं हायसं वाटलं. म्हटलं, सापडला चोर. कुणी काही बोललं की मी वर बोट दाखवायची, ह्या दिव्यात काही दिसत नाही बाई. सुनेनं विचारलं, दिवा. ह्यांनी विचारलं, दिवा. सुई हातातून पडली, दिवा. आणि तो पोरगा — पोरगा कसला, छत्तीस वर्षांचा आहे, मी काम सुरू केलं त्याच वर्षीचा — तो ऐकून घ्यायचा आणि सॉरी म्हणायचा. एकदा रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, तू हौसेनं घर उजळवलंस आणि माझ्या हातचं काम घालवलंस. असं म्हटलं मी त्याला. जेवता जेवता थांबला तो. मग म्हणाला, उद्या बदलून आणतो. आणि आणला.

लावा शेवटचा. तो लावा, त्या पांढऱ्या खोक्यातला, सगळ्यात महागडा दिसतोय तो. — आता बघा. हं. हं. हाच. हा बघा, हाच बल्ब. स्पष्ट दिसतंय, हे डावीकडचं काळं आणि हे उजवीकडचं निळं, अगदी वेगळी वेगळी. बघितलंत, बल्बातच होतं सगळं, उगीच मी तुमच्यापुढे एवढं गाऱ्हाणं गायले. बांधून द्या हा. मुलालाही बरं वाटेल, म्हणेल शेवटी आईच्या मनासारखा मिळाला.

बांधताय ना?

काय झालं? असे का उभे आहात? — माझ्या हातातलं घ्या, बघा की, तुमचे डोळे चांगले आहेत. — नाही, नीट बघा. उजवीकडचं. — उजवीकडचं निळं आहे. रिळांच्या डब्यात डाव्या खणात काळं आणि उजव्या खणात निळं, किती वर्षं तसंच आहे ते. — तुम्ही दारात नेऊन बघा, जा. उन्हात धरा.

…दोन्ही?

परत बघा.

असू दे. नका बघू परत. आणा इकडे. निळं संपलं असेल कधीतरी, आणि मीच त्या खणात काळं टाकलं असेल. दुसरं कोण टाकणार, डब्याला हात लावू देत नाही मी कुणाला. मला वेगळी दिसली नव्हती हो. मी ठरवून म्हटलं. डावं काळं, उजवं निळं, एवढं पाठ होतं, म्हटलं कुठल्यातरी बल्बला हो म्हणून टाकावं म्हणजे सुटले. — नाही, रडत नाहीये, नाक असंच वाहतं माझं.

आता एक करा. हात धुवा आणि ती पिशवी उघडा. कोट काढा. हळू. दारात न्या, डाव्या खिशाच्या वर बघा, आणि काय दिसतंय ते सांगा. माझी भीड नका धरू. — वीण चांगली आहे, ते मला माहीत आहे, वीण बोटांची आहे. रंग सांगा. — काळा. केवढा? — एवढा? तुमच्या बोटाच्या पेराएवढा. आणि लांबून दिसतो? — बरं. शाळेच्या फाटकातून दिसेल म्हणजे.

नाही हो, कोट नाही बिघडला. रफूचं एक बरं आहे, चुकलं की उसवता येतं, कापडाला काही होत नाही. ते नव्हतं माझ्या मनात. माझ्या मनात आलं, की मी सोमवारी तिला हा कोट घातला असता. बटणं लावून दिली असती, पुढून बघितलं असतं आणि छान म्हटलं असतं. आणि ती बोलली नसती. तिच्या लक्षात आलं असतं, तिची नजर तिखट आहे, पण ती एक शब्द बोलली नसती मला, तशीच गेली असती छातीवर तो काळा डाग घेऊन. ह्याची भीती वाटली मला आत्ता, तुम्ही दारात उभे होतात तेव्हा. डोळ्यांची नाही वाटली.

नीट घडी घाला. बाह्या आत. हं.

फोन आहे ना तुमच्याकडे? माझ्या मुलाचा नंबर असेल तुमच्याकडे, तीनदा आलाय. लावून द्या मला. — माझा आहे पिशवीत, पण त्यावरचे आकडे… तुम्हीच लावा.

अरे, मी बोलतेय. बल्बच्या दुकानातून. — नाही, धडपडले नाही कुठे, बसलेय स्टुलावर, पाणी पितेय. — सॉरी म्हणू नकोस, आधी ऐक. बल्ब चांगले आहेत तुझे. — सगळे. ते तीन बदलून आणलेस ना, तेही चांगले होते, पहिला लावलास तोही चांगला होता. खोट माझ्या डोळ्यांत आहे, आणि मला ते दीड वर्षापासून माहीत आहे, आणि मी तुला उगीच स्टुलावर चढवत राहिले. — ऐकतोयस ना? — हो. हो, मोतीबिंदू. दोन्ही. — बरं, शनिवारी जाऊ. — ह्यांना मी सांगते. आणि तिला काही बोलू नकोस आधी, कोटाचं तिला मीच सांगणार आहे, ते माझ्याच तोंडून जायला हवं. आज घरी आली की तिला शेजारी बसवते, शिवणीतला धागा तिनं काढून द्यायचा, सुई मी चालवीन. होतं सोमवारपर्यंत. — आणि त्या दिवशी जेवताना मी बोलले ते… — हो, माहीत आहे तू विसरलास. मी नाही विसरले. — बरं, ठेव आता. ऑफिसात आहेस, चेहरा नीट कर.

घ्या तुमचा फोन. आणि असं तोंड पाडून काय उभे राहिलात, तिकडे दारात गिऱ्हाईक आलंय, त्याला बघा. तो बल्ब खोक्यात ठेवा आणि निर्धास्तपणे विका. चांगला आहे तो.